बावीस जुलैचं रक्त

१

सटवाजींच्या लिव्हरमधली गाठ परत आली, एवढं ऐकायची तयारी करूनच घरची माणसं पूर्णेहून हैदराबादच्या गाडीत बसली होती. डॉक्टरांनी ते सांगितलंच. पण त्याच्या आधी त्यांनी दुसरंच काही सांगितलं.

"मार्चचा हा रिपोर्ट यांचा नाही. हे रक्त दुसऱ्या कुणाचं तरी आहे."

डॉक्टर मूळचे नांदेडकडचे, म्हणून मराठीत बोलत. गेल्या वर्षी ऑगस्टात त्यांनीच सटवाजींच्या लिव्हरचा उजवीकडचा तुकडा गाठीसकट कापून काढला होता. आज त्यांनी चार कागद टेबलावर ओळीनं मांडले: डिसेंबरचा, मार्चचा, जुलैचा आणि कालचा, ऑक्टोबरचा. मार्चच्या कागदावर एका आकड्याभोवती पेनानं गोल काढला.

"जुन्या काविळीनं यांचं लिव्हर आक्रसलंय. असं झालं की प्लीहा फुगते आणि प्लेटलेट गिळायला लागते. ऑपरेशनच्या आधी प्लेटलेट ब्याण्णव हजार. डिसेंबरात अठ्ठ्याऐंशी. काल चौऱ्याऐंशी. आणि मधेच मार्चमध्ये दोन लाख एक्केचाळीस हजार. असं होत नाही. कुठल्याही औषधानं होत नाही."

सुकेशनीची कानशिलं तापली. ती या घरची सून. बीएस्सी झालेली, आणि मुलगी झाल्यापासून अशी सावध, की पोरीच्या तापाचे आकडेसुद्धा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवणारी. सासऱ्याचे सगळे कागद तिनंच प्लास्टिकच्या फाईलीत तारखेनं लावले होते. पण प्रत्येक वेळी तिनं एकच ओळ वाचली होती: एएफपी. गाठ असली की रक्तात चढतो तो आकडा. तो कमी दिसला की फाईल बंद. आकडा चांगला येतोय म्हणून सहा महिन्यांनी करायचा स्कॅनही पुढं ढकलला होता. तोही तिनंच.

"मग कुणाचं रक्त आहे हे?" तिच्या नवऱ्यानं, सिद्धोधननं विचारलं.

"ते तुम्ही सांगायचं. आणि मला मार्चपेक्षा जुलैची काळजी आहे." डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. "आधी वाटा कोणत्या ते ऐका. गाठ एकच आहे, साडेचार सेंटिमीटर. पहिली वाट, परत कापायचं. पण उरलेलं लिव्हर इतकं लहान आणि कडक आहे की आणखी कापलं तर माणूस टेबलावरून उठेल आणि पंधरा दिवसांत कावीळ होऊन जाईल. दुसरी, सुई घालून गाठ जाळायची. तीन सेंटिमीटरपर्यंत ते छान जमतं. ही मोठी आहे आणि मोठ्या शिरेला चिकटून बसलीय. शिरेतलं वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं, त्या बाजूची कड जळत नाही. तिसरी वाट, यांचं सगळं लिव्हर काढायचं आणि जिवंत माणसाच्या लिव्हरचा भाग बसवायचा."

"माझं घ्या की," मालनबाई म्हणाल्या. वाटीभर पीठ द्यावं तशा. "अठ्ठावन्न वय हाय, पर अजून एक दात पडला न्हाई."

"आधी घरातला तरुण माणूस बघतो आम्ही, बाई."

घरात तरुण माणूस एकच होता. सिद्धोधन, एकतीस वर्षांचा, बापाच्याच रक्तगटाचा.

"पण," डॉक्टर म्हणाले, "जुलैच्या कागदावर फक्त एएफपी केलाय. दुसरं काही नाही. एएफपी चार. कालचा चारशे दहा. जुलैचं रक्त यांचं असेल, तर ही गाठ तीन महिन्यांत एवढी झाली. नवं लिव्हर टिकवायला आम्ही शरीराची राखण ढिली करतो, अशी पिसाळलेली गाठ त्यात वर्षाच्या आत परत येते. मग मी या पोराला कापणार नाही. जुलैचंही रक्त दुसऱ्याचं असेल, तर शेवटची खरी तपासणी डिसेंबरची. तेव्हा स्कॅनही स्वच्छ होता. म्हणजे गाठीला दहा महिने लागले. तेवढा वेळ घेणाऱ्या गाठीशी झुंजता येतं. शुक्रवारी संध्याकाळी आमची बैठक आहे. तोवर सांगा, जुलैचं रक्त कुणाचं. आणि सोयीचं नको. जे झालं तेच सांगा."

सुकेशनीच्या मांडीवर अडीच वर्षांची अपेक्षा झोपली होती. तिच्या केसांवरून हात फिरवताना सुकेशनीच्या मनात एक वाक्य आपोआप उमटलं: जुलैचं रक्त बाबांचंच निघू दे.

तिनं मान वर केली. समोर मालनबाई तिच्याकडेच बघत होत्या.

२

सटवाजींनी चौतीस वर्षं रुळांवर काढलेली. हातोड्यानं ठोकून रूळ कुठं तडकलाय ते आवाजावरून सांगणारा माणूस. मंगळवारी सकाळी ते ओसरीत चहाचा कप घेऊन बसले होते. एक घोट घ्यायचे आणि तोंड वाकडं करायचे. मार्चच्या रिपोर्टात साखर जास्त असल्याचं सिद्धोधननं वाचल्यापासून त्यांच्या चहातली साखर बंद होती.

"बाबा, मार्चमध्ये पप्पूभाऊंनी तुमचं रक्त काढलं होतं का?"

पप्पू म्हणजे घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेणारा. बसस्टँडजवळ त्याची एक खोली होती आणि मोटारसायकलला बांधलेला बर्फाचा डबा.

"काढलं आसंल बग. इतक्या बारी टोचलंय मला, कोण ध्यान ठिवतंय."

"आणि जुलैमध्ये?"

"जुलैचं माझंच." कप खाली आला. "पक्कं. शिबिरातून आलो, दुसऱ्या दिशी सकाळी दिलं."

जुलैमध्ये ते नांदेडजवळच्या विहारात श्रामणेर शिबिराला गेले होते. ऑपरेशनमधून उठलो तर दहा दिवस भिक्खूचं चीवर घालीन, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. डोकं भादरून, दुपारच्या आत एकदा जेवून दहा दिवस काढले आणि एकवीस जुलैला परत आले. जुलैच्या कागदावर तारीख होती बावीस. जुळत होतं.

पण मार्च आठवत नाही आणि जुलै इतका पक्का आठवतो, हे सुकेशनीला खटकलं.

"बाबा, डॉक्टर म्हणाले, सोयीचं नको."

"पोरी, माझी सोय कशात हाय ते तुला कुणी सांगितलं?" ते हसले. मग हसू गेलं. "सिद्धूच्या पोटावर मला चिरा नगं. तू तर त्याची बायको. तू कामून खोदायलीस?"

ती कप उचलून आत गेली. सिद्धोधनकडे संशयित तयार होता.

"भुजंगकाका," तो दुपारी रेल्वेतल्या ड्यूटीवरून आल्या आल्या म्हणाला. "पप्पूच्या खोलीवर बसून असतेत कायम. बाबांच्या जागी हात पुढं केला आसंल गमतीत."

भुजंगकाका, सटवाजींचे धाकटे भाऊ, शेजारच्याच घरात राहायचे. ते बोलावल्याबरोबर आले आणि ऐकून खो खो हसले.

"सूनबाई, माझं रक्त त्या मशिनीत घातलं आसतं ना, तर मशीन डुलत घरी गेली आसती. चाळीस वर्सं पिलो म्या, आन् लिव्हर गेलं न पिणाऱ्याचं. हे बी बगा." मग आवाज खाली आला. "माझं लिव्हर चालत आसतं तर कवाच दिलं आसतं. चालत न्हाई म्हणूनच हसायलाव."

३

बुधवारी सकाळी सुकेशनीनं मार्चचा कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. सात महिन्यांपूर्वी वाचायला हवा होता तसा.

उपाशीपोटी साखर: एकशे एकाहत्तर.

तिनं हैदराबादचा कागद काढला. साखर: चौऱ्याण्णव. डिसेंबरात: नव्वद.

बाबांना साखर नव्हतीच. साखर होती त्या माणसाला, ज्याचं रक्त मार्चमध्ये गेलं. आणि त्या माणसाला ते ठाऊक नव्हतं, कारण त्याच्या साखरेचा कागद दुसऱ्याच्या नावावर निघाला होता. सात महिने बाबा दुसऱ्याच्या वाट्याचा कडू चहा पीत होते.

गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या शिक्षिकाबाईंकडे साखर बघायचं छोटं मशीन होतं. ते ती मागून घेऊन आली.

"सगळ्यांची बघून घेऊ," ती म्हणाली. "दवाखान्यात विचारणारच आहेत. कुणी काही खाऊ नका अजून."

सिद्धोधनची एक्क्याण्णव निघाली. तिची स्वतःची शहाऐंशी. भुजंगकाकांनी बोट पुढं करायला पाच मिनिटं लावली, डोळे घट्ट मिटले, आणि एकशे चार आल्यावर आपणच पास झाल्यासारखे भोवती बघू लागले.

मालनबाईंनी चुलीपुढून न उठता हात मागं केला. बोटाला पीठ होतं ते पदराला पुसलं. सुई टोचली तेव्हा मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

मशीननं आकडा दाखवला. दोनशे चौदा.

"मशीन बिघडलंय," मालनबाई म्हणाल्या.

"नाही आई," सुकेशनी म्हणाली. "मशीन बरोबर आहे."

४

पुरुष बाहेर गेल्यावर दोघी स्वयंपाकघरात राहिल्या. तव्यावरची भाकरी फुगली आणि करपायला लागली, तरी मालनबाईंनी ती उलटली नाही. शेवटी सुकेशनीनंच उलटली.

"का केलंत आई?"

"कामून म्हंजे? त्येंच्यात रक्तच कुटं व्हतं गं?" त्या तव्याकडे बघतच बोलल्या. "आपरेशन करून आले तवा पांढरेफटक. दवाखान्यात जा, तीन नळ्या काढा. घरी या, तीन नळ्या काढा. म्या बीट खाऊ घालायचं, मनुके भिजवायचे, गूळ-शेंगदाणे द्यायचे, आन् त्या पप्प्यानं येऊन डबा भरून न्यायचा. मार्चला पाच बारी टोचलं. शीर सापडंना. हात निळाजांभळा. म्हणलं बस झालं. गाठ तर डाक्टरनं काढून टाकली, सोच्छ हाय म्हणला. मंग रक्त कशापायी? तुमाला कागद पायजे, तर कागदापायी माझं घ्या. माझ्यात लय हाय."

सुकेशनीला वाटलं होतं, खरं कळलं की राग येईल. राग आला नाही. आईंना कधी कुणी समजावलं नव्हतं, की त्या नळ्यांमध्ये नेमकं काय शोधतात. डॉक्टर पोराशी बोलले, पोरगा बायकोशी बोलला, बायकोनं फाईल लावली. बीट किसणाऱ्या बाईला कुणी काही सांगितलं नाही.

"मार्चचं माझं," मालनबाई म्हणाल्या. "माझी चूक. सांग तुमच्या डाक्टरला."

"आणि जुलैचं?"

"जुलैचं त्येंचंच."

"नक्की?"

"शिबिरातून आले, दुसऱ्या दिशी पप्प्या आला. म्याच चहा केला."

अगदी बाबांचे शब्द. सुकेशनीला छातीवरचा दगड हलल्यासारखं वाटलं. जुलैचं बाबांचं असेल तर संपलं. सिद्धोधनला कुणी हात लावणार नाही. आणि लगेच त्या हलकेपणाचीच तिला शिसारी आली.

बाहेर अपेक्षा बादलीशी खेळत होती. सुकेशनीनं तिला उचलून आत आणलं.

"हिच्या डोक्यावर हात ठेवून सांगा आई."

मालनबाईंनी दोन्ही हात परातीत घातले आणि पीठ मळायला घेतलं.

"धम्म घेतलेलं घर हाय हे. आणाभाका आपल्यात चालत न्हाईत."

चार वर्षं सुकेशनी या घरात होती. भाजीवाल्याशी घासाघीस करताना आईंनी सिद्धोधनच्या गळ्याची शपथ किती वेळा घेतली होती, ते तिला मोजताही आलं नसतं.

५

गुरुवारी ती अपेक्षाला कडेवर घेऊन पप्पूच्या खोलीवर गेली. सरळ विचारलं तर तो घाबरून काहीही सांगेल, हे तिनं ओळखलं होतं.

"या वहिनी. काका कसे हायेत?"

"तसेच. हिचं हिमोग्लोबिन बघायचंय, भाऊ. पोटभर जेवतच नाही. रिपोर्ट किती दिवसांत येतो?"

"लहान टेस्ट हितंच करतो की. मोठी आसली तर लॅबला जाती."

"एएफपीसारखी?"

"ती जातीच. सकाळी घरोघर फिरून घ्यायचं, दुपारी एकच्या बसला डबा परभणीला. तितून सांजच्या गाडीनं पुढं. दुसऱ्या दिशी सकाळी लॅबात."

"आणि कागदावर तारीख तुम्ही रक्त घेतलं त्या दिवसाची टाकता?"

"न्हाई वो. तितं नमुना पोचला की त्येंचं मशीनच तारीख-टाईम छापतं. आमाला कोण विचारतंय."

"एकची बस चुकली तर?"

"मंग डबा बर्फात, दुसऱ्या दिशीच्या बसला. दुसरी सोयच न्हाई पूर्णेत."

सुकेशनीनं पिशवीतून जुलैचा कागद काढला. कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलं होतं: नमुना मिळाला, २२ जुलै, सकाळी ७.१५.

म्हणजे ते रक्त एकवीस तारखेच्या दुपारच्या बसनं निघालं होतं. फार उशिरात उशिरा म्हटलं तरी एकवीसच्या सकाळी काढलेलं. आणि बाबा शिबिरातून उतरले एकवीसच्या संध्याकाळी, साडेसहाच्या गाडीनं. वस्तीतली पंधरा-वीस माणसं फुलं घेऊन स्टेशनवर गेली होती. ती स्वतः होती. भादरलेलं डोकं बघून अपेक्षानं आजोबांना ओळखलं नव्हतं आणि भोकाड पसरलं होतं.

सगळे बावीस तारखेला रक्त काढलं असं धरून चालले होते, कारण कागदावर बावीस छापलं होतं. कागदाच्या आधी एक बस आणि एक गाडी असते, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

पप्पूची नजर त्या कागदावर गेली.

"वहिनी," तो हळू आवाजात म्हणाला, "तुमी पोरीचं विचारायला आलताव ना?"

"जुलैमध्ये बाबा घरी नव्हते, भाऊ."

तो स्टुलावर बसला. कपाळावरचा घाम त्यानं बाहीनं पुसला.

"मावशी म्हणल्या, ते शिबिराला गेलेत, तीन महिने झाले, सिद्धू कागद मागंल, घे माझं. मार्चलाबी घेतलंच व्हतं. एएफपी नॉर्मल आला व्हता. मला वाटलं, गाठ तर काढलीच हाय." त्यानं मान वर केली. "काकांना काय झालंय वहिनी?"

तिनं सांगितलं. तो अपेक्षाच्या हातात एक रिकामी, बिनसुईची नळी देऊ लागला, खेळायला. सुकेशनीनं पोरीचा हात मागं घेतला.

६

घरी आली तेव्हा मालनबाई अंगणात तूर निवडत बसल्या होत्या. सुनेच्या तोंडाकडे त्यांनी एकदाच पाहिलं.

"कळलं वाटतं."

"कळलं."

"मंग गप रहा."

सुकेशनी समोर बसली. अपेक्षानं तुरीत हात घातला, आजीनं तो काढला नाही.

"चाळीस वर्सं झाली माझ्या लग्नाला," मालनबाई म्हणाल्या. "नवरा माझा हाय. त्येला जाऊ दे म्हणायला माझ्या जिभंला काय होत असंल, ते तुला कळायचं न्हाई, कळू बी नगं. पर म्या म्हणायलेय, जाऊ दे. त्यो बी म्हणायलाय. तूच कोण लागून गेलीस मधी बोलणारी?"

"डॉक्टर म्हणतात, वाचू शकतील."

"शकतील. आन् सिद्धू? त्येचं आर्धं काढून घेणार. रेल्वेतला पोरगा, खाली वाकून डब्याची चाकं बगणारा. आत नेला आन् काय झालं तर? तू त्या दिशी दवाखान्यात काय मागायली व्हतीस मनात, म्या बगितलंय." त्यांनी खडा वेचून लांब फेकला. "म्या बी तेच मागायले व्हते. आपण दोघी एकाच बाजूच्या हाव, पोरी. तू एक दिवस गप बस. बाकीचं समदं आपोआप व्हतंय."

सुकेशनीनं नाही म्हटलं नाही. तिला नाही म्हणता आलंच नाही. तिनं अपेक्षाला उचललं, आत नेऊन भात भरवला, झोपवलं, आणि पोरीशेजारी छताकडे बघत पडून राहिली.

खोटं बोलायचंसुद्धा नव्हतं. नुसतं बोलायचं नव्हतं. बाबा म्हणतील माझं, आई म्हणतील त्यांचं, कागद म्हणेल बावीस. डॉक्टर फाईल बंद करतील. बाबा सहा महिने, फार तर वर्ष. सिद्धोधन रडेल आणि मग सावरेल, अपेक्षाला शाळेत सोडेल, म्हातारा होईल. सगळं तिला दिसत होतं, आणि ते दिसणं गोड होतं, म्हणूनच भयंकर होतं.

आईंनी काय केलं होतं? बाबांचा हात मागं सारून स्वतःचा पुढं केला होता. मायेनंच. त्यांना न विचारता. त्यापायी सात महिने गेले. आज ती गप बसली तर ती सिद्धोधनचा हात मागं सारणार होती. मायेनंच. त्याला न विचारता.

तिनं कूस बदलली. अपेक्षाचा गरम श्वास तिच्या गळ्यावर येत होता. तिला वाटलं, आपण हे सगळं कळून घ्यायलाच नको होतं.

७

शुक्रवारी पाच वाजता सिद्धोधननं फोन ओसरीतल्या खाटेवर ठेवला आणि आवाज मोठा केला. सटवाजी भिंतीला टेकून बसले होते. भुजंगकाका उंबऱ्यात. मालनबाई आतल्या दाराशी, पदर तोंडाशी धरून.

"बोला," डॉक्टर म्हणाले. "मार्चचं?"

"माझं व्हतं," मालनबाई आतूनच म्हणाल्या.

"आणि जुलैचं?"

"माझं," सटवाजी म्हणाले. आवाज खणखणीत होता. "बावीस तारखंला सकाळी दिलं. शिबिरातून आल्यावर."

फोनमध्ये कागद मिटल्याचा आवाज आला. मग डॉक्टर म्हणाले, "तसं असेल तर मला वाईट वाटतं."

सिद्धोधननं वळून बायकोकडे पाहिलं. तो चार दिवसांत नीट जेवला नव्हता. तो नुसता बघत राहिला, आणि तिला कळलं, की हा माणूस तिच्या तोंडून जे येईल ते खरं धरणार आहे. जन्मभर.

"डॉक्टर," सुकेशनी म्हणाली, "बावीस ही रक्त काढल्याची तारीख नाही. लॅबला पोचल्याची आहे. सकाळी सव्वासात." मग तिनं बस सांगितली, गाडी सांगितली, एकवीसची संध्याकाळ सांगितली. पप्पूचं बोलणं सांगितलं. एकेक वाक्य ती दगड उचलून ठेवावा तसं ठेवत गेली. "जुलैचं रक्त बाबांचं नव्हतं. शेवटचं खरं रक्त डिसेंबरचं."

सटवाजींनी डोळे मिटले. "सुकेशनी," एवढंच म्हणाले.

"ठीक आहे," डॉक्टरांचा आवाज आला. "घाई नाही करायची. आधी मांडीतून नळी घालून गाठीला रक्त पुरवणारी शीर बंद करू. दोन महिने गाठीवर नजर ठेवू. ती दबून राहिली, तर पुढचं. सिद्धोधन, तुमच्या तपासण्या लगेच सुरू. आणि आईंच्या साखरेचं औषध आजच."

फोन बंद झाल्यावर सिद्धोधन बापाच्या पायाशी जाऊन बसला. भुजंगकाका उठून बाहेर गेले आणि नाक शिंकरत राहिले.

मालनबाई दारातून हलल्या नव्हत्या. सुकेशनी आत जायला लागली तेव्हा त्यांनी वाट दिली, आणि ती जवळून जाताना म्हणाल्या, "तू सांगितलंस. आता त्येला परत आणायचंबी तूच."

८

दोन महिन्यांत नळीचा इलाज दोनदा झाला. गाठ साडेतीन सेंटिमीटरवर आली, एएफपी साठावर. सिद्धोधनच्या सगळ्या तपासण्या नीट निघाल्या. त्या काळात मालनबाई सुनेशी कामापुरतंच बोलल्या, आणि रोज सकाळी साखरेची गोळी तिच्यासमोर येऊन, तिच्याकडे न बघता गिळत राहिल्या.

लिव्हर देणाऱ्याच्या बायकोची संमती लागते. त्यासाठी दवाखान्यात समिती बसते. लांब टेबलामागं चारजण, कोपऱ्यात कॅमेरा. सिद्धोधनला बाहेर बसवलं आणि सुकेशनीला एकटीला आत बोलावलं. मराठी जाणणाऱ्या एक बाई होत्या, त्यांनी विचारलं.

"तुमचे पती वडिलांना लिव्हरचा भाग देणार आहेत. त्यात त्यांच्या जिवाला धोका असू शकतो, हे तुम्हाला सांगितलंय?"

"हो."

"किती, ते सांगितलंय?"

"हजारात दोन-तीन."

"तुमच्यावर कुणाचा दबाव आहे?"

दाराच्या काचेपलीकडं मालनबाई बाकावर बसल्या होत्या. एका बाजूला सटवाजी, दुसऱ्या बाजूला सिद्धोधन. आईंनी दोघांचेही हात आपल्या मांडीवर घेऊन धरले होते, आणि बघत होत्या ते या दाराकडे.

"नाही," सुकेशनी म्हणाली.

"मग इथं सही करा."

तिनं केली. अक्षर नेहमीसारखंच आलं. त्या बाईंनी कागद ओढून घेतला, तारीख टाकली, शिक्का मारला.

"तुम्हाला काही विचारायचंय का?"

"एक विचारायचंय. दोघांना एकाच दिवशी आत नेणार ना?"

"हो. शेजारच्या दोन खोल्यांत."

"मग बाहेर आम्ही दोघी असू. आई आणि मी." ती थांबली. तिला नीट विचारायचं होतं. "तुमच्यातलं कुणी सांगायला बाहेर येईल, तेव्हा आधी कुणाचं सांगता?"

त्या बाईंनी पेनाला टोपण लावलं, मग परत काढलं.

"देणाऱ्याचं," त्या म्हणाल्या.

सुकेशनीनं मान हलवली. ती उठली, दार उघडून बाहेर आली आणि मालनबाईंच्या समोर खाली, फरशीवरच बसली.

"आई," ती म्हणाली, "आधी सिद्धूचं सांगणार हायेत."

मालनबाईंनी नवऱ्याचा हात सोडला नाही. मुलाचाही सोडला नाही. त्यांनी गुडघा थोडा पुढं सरकवला, सुनेच्या खांद्याला लागेल एवढा, आणि तसाच राहू दिला.